एकशे अडतीस

तनुजाने पट्टा एक घर आवळला आणि काकासाहेबांना श्वास आत ओढायला सांगितलं. शर्टाची बटणं सोडून ते कडुनिंबाखाली उभे होते. साठीतल्या माणसाला लेकीसमोर असं उभं राहायचा संकोच वाटत होता. छातीवरच्या त्या काळ्या पट्ट्यात हृदयाचे ठोके टिपणारं एक चपटं यंत्र होतं. तसाच दुसरा पट्टा तिने तिच्या थोरल्या चुलत्यांना, पुंडलिकनानांना, आधीच बांधला होता. नाना सदरा वर करकरून तो येईल त्याला दाखवत होते.

तनुजा विद्यापीठात रागावर संशोधन करत होती. राग आला की माणसाच्या मेंदूत आणि रक्तात काय घडतं, हा तिचा विषय. बाहेरची माणसं बोलावण्याआधी घरच्यांवर हात बसवून घे, असं तिच्या मार्गदर्शक मृण्मयी मॅडमनी सांगितलं होतं. त्या दिवशी गंगापूरजवळच्या तनुजाच्या गावी शेताची मोजणी होती. शेजारच्या फकिराशी बांधाचा वाद जुना होता. रागासाठी याहून चांगला दिवस तिला मिळाला नसता.

या घराचं रक्त गरम, असं गावात म्हणत, आणि घरातही ते मान ताठ करूनच सांगितलं जाई. तनुजाचे आजोबा तात्यासाहेब यांनी याच बांधावर फकिराच्या बापाच्या उजव्या हातावर कुऱ्हाड घातली होती. त्याला पन्नास वर्षं होत आली. तात्या दोन वर्षं आत जाऊन आले आणि आले ते मोठे होऊनच आले. नानांनी तो वारसा चालवला. काकासाहेब तेवढे वेगळे निघाले. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, पण कुणाला अरे म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. या घरात हा गार कसा पडला, असं भाऊबंद त्यांच्या तोंडावर म्हणत, आणि ते हसून विषय बदलत.

मोजणीचं निशाण दुपारी बाराच्या सुमाराला पडलं. ते दोन हात आत, यांच्या शेतात पडलं. म्हणजे इतकी वर्षं ही दोन हात जमीन फकिराची होती आणि नांगर यांचा चालत होता.

फकिराने आधी मोजणीवाल्या साहेबांचे आभार मानले. मग तो काकासाहेबांकडे वळला. बापाचा हात घेतलात, वर जमीन घेतलीत, आणि आता पट्टे बांधून कसले खेळ करताय, असं तो विचारू लागला. त्याचा आवाज चढत गेला. काकासाहेब झाडाखाली बसले होते. फकिराने त्यांच्या शिक्षणावरून, नोकरीवरून, शेवटी त्यांच्या आईवरून बोलून घेतलं. ते बसूनच राहिले.

नाना धावून गेले. बांधावर रोवलेली पहार त्यांनी उपसली. त्या क्षणी काकासाहेब उठले, चार पावलं चालले आणि दोघांच्या मध्ये उभे राहिले. गर्दीच्या गाडीत म्हातारीच्या हातातलं बोचकं घ्यावं तशी त्यांनी नानांच्या हातून पहार काढून घेतली.

"निशाण पडलंय तिथं पडू द्या," ते साहेबांना म्हणाले. "आम्ही सह्या करतो."

नानांनी सगळ्यांदेखत त्यांना बांगड्या भरायला सांगितलं. काकासाहेब परत जाऊन सावलीत बसले. ठरल्याप्रमाणे तनुजाने दोघा भावांची लाळ छोट्या नळ्यांत घेतली आणि नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. वडिलांसमोर नळी धरताना तिने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. तिला त्यांची लाज वाटली होती, आणि ती लाज वाटल्याची आणखी लाज वाटत होती.

सोमवारी प्रयोगशाळेत तिने दोन्ही पट्ट्यांचे आलेख पडद्यावर उघडले. नानांचा अपेक्षेसारखाच होता. ओरडताना ठोके एकशे चोवीसवर गेले आणि सातआठ मिनिटांत खाली आले. काकासाहेबांचा तिने पाहिला, बंद केला, आणि पुन्हा उघडला. फकिराने पहिलं वाक्य उच्चारल्यापासून रेघ चढायला लागली होती. ती एकशे अडतीसवर जाऊन थांबली आणि सव्वीस मिनिटं तिथेच राहिली. त्यातली जवळजवळ सगळी मिनिटं ते झाडाखाली मांडी घालून बसले होते.

पट्टा सैल झाला असावा, असं तिने मॅडमना सांगितलं. पट्टा सैल असला तर आकडे उड्या मारतात, असे चढून बसत नाहीत, मॅडम म्हणाल्या. लाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायचं ठरलं. नऊ दिवसांनी तो आला. ताणाच्या वेळी शरीर जे संप्रेरक रक्तात सोडतं, ते काकासाहेबांच्या लाळेत नानांच्या जवळजवळ दुप्पट होतं.

मृण्मयी मॅडमनी चष्मा काढून ठेवला. राग पेटतो तो मेंदूच्या फार जुन्या भागात, त्या म्हणाल्या. तो भाग बदामाएवढा असतो आणि लाखो वर्षांपूर्वी जनावर अंगावर आलं की त्यानेच आपल्याला वाचवलं. त्याला आवरणारा भाग कपाळामागे असतो. तो सगळ्यात शेवटी तयार होतो आणि त्याला प्रत्येक वेळी नव्याने काम करावं लागतं. दोन माणसांवरून काहीही सिद्ध होत नाही, हेही त्यांनी बजावलं. मग त्या तनुजाकडे वळल्या.

"तुझ्या वडिलांना राग येत नाही, असं कोण म्हणालं तुला?"

"सगळेच म्हणतात," तनुजा म्हणाली. "मीही."

शहरातल्या पडेगावच्या घरी ती पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. आतल्या खोलीत तिचा भाऊ ऋतुराज भिंतीकडे तोंड करून पडला होता. वाळूजमधल्या एका लहानशा कारखान्यात तो मशीनवर होता. चार दिवसांपूर्वी त्याने सुपरवायझरची गचांडी धरून त्याला कपाटावर ढकललं होतं. शनिवारी मालकासमोर येऊन खुलासा कर, असा निरोप होता. तो जाणार नव्हता. आपल्या रक्तातच आहे ते, मी काय करू, असं त्याने आईला सांगितलं होतं. लक्ष्मीबाईंनाही ते पटत असावं, कारण तेवढं ऐकून त्या देवापुढे जाऊन बसल्या होत्या.

काकासाहेब ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. तनुजा त्यांच्याजवळ बसली. तिने आलेखाचा कागद त्यांच्यासमोर धरला आणि कुठली रेघ कुणाची ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ त्यावर बोट फिरवलं.

"आप्पा, तुम्हाला राग येतो?" तिने वडिलांना विचारलं.

"येतो की."

"किती?"

त्यांनी शेंग उकलली, दाणे ताटात टाकले. "तात्यापेक्षा जास्त असंल," ते म्हणाले. "दिसू देत नाय, एवढंच."

मग ते सांगत गेले, शेंगा सोलता सोलता, वर न बघता. त्या दिवशी ते अकरा वर्षांचे होते. बांधावरून तात्यांनी हाक मारली, कुऱ्हाड आण म्हणून. ते वाऱ्यासारखे पळत गेले आणि गोठ्यातून घेऊन आले. पाटलाच्या पोरांनाही जमणार नाही इतकं जोरात पळालो, असं तेव्हा त्यांना वाटलं होतं. पुढचं त्यांनी जवळून पाहिलं. नोकरी लागली आणि नेमका गंगापूरचा रूट मिळाला. फकिराचा बाप बाजाराच्या दिवशी त्यांच्याच गाडीत चढायचा. डाव्या हाताने पैसे काढायचा, डाव्या हाताने तिकीट घ्यायचा. बावीस वर्षं तो त्यांच्या गाडीत बसला आणि एकदाही वाकडं बोलला नाही.

"मग मला कुणी शिवी घातली, की मी फकिराच्या बापाकडं बघायचो," काकासाहेब म्हणाले. "तो गेला त्यालाबी आता लई वर्षं झाली. आता बघायला कोण नाय. पण सवय लागली."

 तनुजाने चार शेंगा उचलल्या आणि त्यांच्याबरोबर सोलू लागली. त्या मोजणीच्या दिवशी तिने त्यांच्याकडे पाहायचं टाळलं होतं, हे तिला सांगायचं होतं. ते तिने सांगितलं नाही. कागद तुमच्याकडेच ठेवा, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब न सांगता औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले आणि कागद लॅमिनेट करून आणला. कडा तपासत, उजेडात धरून ते तो बघत होते. लक्ष्मीबाईंनी कसलं प्रमाणपत्र म्हणून विचारलं. माझंच हाय, ते म्हणाले. तनुजाला वाटलं, आता हे गावी जाणार. नानांसमोर, फकिरासमोर, ज्यांनी ज्यांनी बांगड्यांची भाषा केली त्यांच्यासमोर हा कागद ठेवणार. ठेवायलाच हवा होता. तिने मनातल्या मनात ते दृश्य दोन वेळा बघूनही घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तो कागद ऋतुराजच्या पलंगावर ठेवला.

तनुजा दारात उभी होती. ऋतुराजने कागद हातात घेतला, कंटाळून टाकणार होता, मग वरची वडिलांची आणि नानांची नावं वाचून थांबला. उठून बसला. ही वरची रेघ नानांची ना, त्याने विचारलं.

"माझी," काकासाहेब म्हणाले. "तुझं कसं होतं रं? आधी कान गरम होत्यात का हात?"

ऋतुराजने वडिलांकडे पाहिलं. चोवीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. तुझ्यावर तात्यांची सावली आहे, एवढंच तो ऐकत आला होता.

"हात," तो म्हणाला. "मग काय दिसतच नाही."

"माझंबी हातच. मग ते मांडीखाली दाबायचे. पयली पाच मिनिटं लई अवघड असत्यात. मरतो का काय वाटतं. मरत नाय."

एवढं सांगून त्यांनी ऋतुराजच्या पांघरुणाची घडी घातली आणि ते बाहेर आले.

शनिवारी तिघंही वाळूजला गेले. काकासाहेबांनी आत यायचं नाही असं ऋतुराजनेच सांगितलं होतं, म्हणून ते आणि तनुजा फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसले. मालकाच्या खोलीला रस्त्याकडे मोठी काच होती. सुपरवायझर उभा राहून बोलत होता आणि बोलताना टेबलावर हात आपटत होता. ऋतुराज खुर्चीत होता. पाठमोरा असल्यामुळे त्याचा चेहरा दिसत नव्हता. तनुजाने घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवलं, आणि तरीही सतरा मिनिटं मोजली.

मग ऋतुराज उठला. त्याने सुपरवायझरला काहीतरी सांगितलं, मान थोडी खाली घालून, आणि हात पुढे केला. सुपरवायझरने तो लगेच घेतला नाही. ऋतुराजने हात मागे घेतला नाही. शेवटी त्या माणसाने तो हातात घेतला.

बाहेर आला तेव्हा ऋतुराजचा शर्ट पाठीला चिकटला होता. पंधरा दिवस घरी बसायचं, मग पुन्हा कामावर, असं ठरलं होतं. तो टपरीपर्यंत आला, बाकावर टेकला आणि त्याने पाण्याचा अख्खा तांब्या घशात ओतला. चहावाल्या बाईंनी त्याच्याकडे आणि मग आतल्या काचेकडे पाहिलं. त्यांनीही सगळं बघितलंच होतं.

"तो माणूस केवढं बोलला," त्या म्हणाल्या. "पोरगं लई शांत आहे हो तुमचं."

काकासाहेबांनी कप खाली ठेवला.

"व्हय," ते म्हणाले. "माझ्यावर गेलंय."

ऋतुराजने मान वर केली नाही. त्याचे हात अजून थरथरत होते, आणि तो ते लपवत नव्हता.