चौथी अट

दावेकाकांनी टेबलावरचा कागदाचा चौकोन बोटाने दाबला, हळूहळू उजवीकडे सरकवला आणि बोट उचललं. मग चौकोन आधी जिथे होता, त्या रिकाम्या जागेकडे ते कितीतरी वेळ पाहत बसले.

लोकांची पेटंटं लिहून देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत तीस वर्षं काढलेला हा माणूस संगणकावरचा कुठलाही दावा, म्हणजे पेटंटात शोधावर हक्क सांगणारा मजकूर, असा कागद कापून समजून घ्यायचा. तरुण वकील हसायचे, पण घोडं अडलं की मुकाट्याने त्यांच्याच टेबलाशी यायचे. दाव्यातली प्रत्येक अट समोरच्याच्या वस्तूत सापडली पाहिजे; एक जरी सापडली नाही तरी सगळंच ओमफस, हे काकांइतकं पक्कं कुणाला ठाऊक नव्हतं.

आजचा दावा एका निवृत्त ग्रंथपाल बाईंचा होता, याच कचेरीत लिहिलेला. पडद्यावरची नोंद माउसने उचलायची, ओढत न्यायची, आणि ती पोचताच बाकीच्या नोंदी आपोआप सरकून तिला जागा करून देतात, ही युक्ती त्यांनी चौदा वर्षांपूर्वी पुस्तकं लावता लावता शोधली होती. आता एका मोठ्या कंपनीने तीच वापरली होती. ‘हे या बाईंचं आहे’ एवढं एकदा कुणीतरी म्हणावं, यासाठी त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

तीन अटी जुळल्या. चौथी म्हणत होती, की वस्तू नव्या जागी सोडेपर्यंत तिची फिकट प्रतिमा मूळ जागी दिसत राहील. कंपनीच्या पडद्यावर तसलं काही नव्हतं. वस्तू उचलली की तिची जागा लगेच भरून जायची.

काकांनी जुनी फाइल काढली. बाईंच्या टिपणात तीनच अटी होत्या. पेटंट मंजूर करणाऱ्या सरकारी तपासनिसानेही आणखी अट घालायला सांगितलं नव्हतं. चौथी अट काकांच्याच अक्षरात होती, आणि वरची तारीख त्यांनी दोनदा वाचली. तेव्हा बायको जाऊन तीन आठवडे झाले होते. त्या दिवसांत सगळं जग त्यांना पाण्याखालून पाहिल्यासारखं दिसायचं. माणसं बोलायची, शब्द उशिरा पोचायचे. सकाळी ते पलंगाची फक्त आपली बाजू आवरायचे. उचललेली वस्तू जागेवरून एकदम नाहीशी व्हावी, हे तेव्हा त्यांना साफ चुकीचं वाटलं होतं.

दुपारी बाई आल्या. तपासनिसावर ढकलून हात झटकता आले असते. इतकं जुनं कोण उकरून काढणार? पण काकांनी फाइल उघडी करून पुढे ठेवली आणि त्या तीन आठवड्यांचंही सांगून टाकलं.

“ती अट माझी आहे. तुम्ही मागितली नव्हती. तिच्यामुळेच आपण हरणार.”

बाई त्या ओळीवरून बोट फिरवत राहिल्या.

“मला तुमचा राग आलाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण तुम्ही हे मला वाचून दाखवलं होतंत. तेव्हा ते फार बरोबर वाटलं, म्हणून तर मी सही केली.”

घरी बहीण वाट पाहतेय, तिला काय सांगायचं ते वाटेत ठरवीन, असं म्हणून त्या उठल्या. काका दारापर्यंत गेले.

परत येऊन त्यांनी अभिप्राय लिहायला घेतला. दावा लागू होत नाही. कारण, चौथी अट. ही अट कोणी घातली, यासाठी छापील कागदावर रकाना नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन तो आखला आणि त्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं.