फिरत्या चषकाचा मुक्काम

मी फुटबॉलचा फिरता चषक बोलतोय. चषक म्हणून हुरळून जाऊ नका. वरून सोनेरी, खाली पत्रा, आत पोकळ. ज्यांनी मला सगळ्यात जास्त मिरवलं, त्यांच्यासारखाच. दुकानाच्या फळीवर होतो तेव्हा पन्नासेक गिऱ्हाइकांनी मला उचलून पाहिलं. प्रत्येकाचा प्रश्न एकच, याहून मोठा आहे का? खेळणार कोण, हे एकानंही सांगितलं नाही. तेव्हापासून मी माणूस एका नजरेत तोलतो. बहुतेक जण वजनात कमीच भरतात.

शेवटी मला एका वस्तीच्या क्रीडा मंडळानं आपल्या स्पर्धेसाठी नेलं. मंडळ म्हणजे काय, तर पाण्याच्या टाकीमागचं मैदान, दोन गोलपोस्ट आणि एक शिंपी. हा शिंपी रोज संध्याकाळी मशीन झाकून वस्तीतल्या मुलींना फुटबॉल शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. उरलेलं मंडळ म्हणजे अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि त्यांच्या खुर्च्या.

सामन्याला पालक कडेला उभे राहत. जिना चढताना ज्यांना दोनदा थांबावं लागतं, ते ओरडून विचारायचे, पाय काय भाड्यानं आणलेत का? आणि हेच लोक आपापसात कबूल करायचे, की पोरगी मैदानावरून येते ती भुकेजलेली, पानातलं मुकाट संपवते, अंथरुणाला पाठ टेकताच झोपते. घरातली निम्मी भांडणं मिटली. मास्तरांना हे कुणी बोलून दाखवलं नाही. चांगल्या मालाची तोंडावर तारीफ करायची नसते, भाव वाढतो. हे गिऱ्हाइकाला शिकवावं लागत नाही.

मुलींनी मला जिंकलं ते कुलपामुळं, अंतिम सामन्यात शेवटचा बॉल तिनं अडवला म्हणून. कुलूप म्हणजे त्यांची गोलकीपर. बाप टपरीवर किल्ल्या बनवायचा आणि हिच्यासमोरून बॉल आत जायचा नाही, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. मास्तरांनी नियम केला, चषक कपाटात राहायचा नाही. एकेका खेळाडूच्या घरी एक आठवडा, मग रविवारी पुढच्या घरी. पाळ्यांची चिठ्ठी त्यांनी माझ्या बुडाला चिकटवली. पहिली पाळी अध्यक्षांच्या पुतणीची, ती त्यांच्याच घरी राहायची. दुसरी कुलपाची.

अध्यक्षांनी माझ्यासाठी काचेचं कपाट करून घेतलं. एका आठवड्यासाठी! त्याला दार ओढलं की आपोआप लागणारं कुलूप, आणि किल्ली एकच. दुसरी कशाला, मी काय विसराळू आहे, म्हणाले. माझ्यासोबत फोटो काढताना हात मोकळे हवेत म्हणून त्यांनी ती किल्ली माझ्यात टाकली. फोटो झाला. मला कपाटात ठेवलं, एक पाऊल मागं येऊन कौतुकानं पाहिलं आणि दार ओढून घेतलं. खट्.

मग अकरा आठवडे ते घर किल्ली शोधत होतं. गाद्या उलट्या झाल्या, पिठाचा डबा चाळून झाला, भांडी घासणाऱ्या बाईकडे संशयानं बघून झालं. माझ्या पोटात डोकावावं असं कुणाला सुचलं नाही. वस्तीत किल्लीवाला एकच, आणि तो कुलपाचा बाप. ज्याच्या घरची पाळी अडवून ठेवली, त्यालाच बोलवायचं कोणत्या तोंडानं? अध्यक्षांच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, काच फोडा म्हणून सांगून पाहिलं. काच नवी होती.

मास्तर दर रविवारी मला न्यायला यायचे आणि अध्यक्षांकडे कारण तयार असायचं. कधी पॉलिश करायचं असायचं, कधी पाहुणे यायचे असायचे. अकराव्या रविवारी मास्तर खुर्चीत बसलेच नाहीत.

"साहेब, कुलपाचा बाप म्हणतो, पोरगी थापा मारते. कप असता तर अकरा आठवड्यांत घरी आला नसता का? संध्याकाळी कुठं हिंडते कोण जाणे, म्हणतो. उद्यापासून तिला टपरीवर बसवणार आहे. त्याला नुसता कप दाखवा, दुसरं काही मागत नाही."

"मग दुसरी गोलकीपर बघा," अध्यक्ष म्हणाले. "पोरींना काय तोटा?"

मास्तर गेले. वहिनींनी चपला घातल्या आणि नवऱ्याला न विचारता तडक टपरी गाठली.

किल्लीवाला आला तेव्हा अध्यक्ष आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागं दडले होते. तारेचा तुकडा, दोन मिनिटं, दार उघडलं. त्यानं मला बाहेर काढलं तसं आत काहीतरी खुळखुळलं. त्यानं मला उलटं केलं. किल्ली त्याच्या तळहातावर पडली, आणि बुडाची चिठ्ठी डोळ्यांसमोर आली. दुसऱ्या ओळीवर तेलकट बोट ठेवून त्यानं ती दोनदा वाचली.

"ही माझी पोरगी."

"तुमचीच," वहिनी म्हणाल्या. "तिच्यामुळंच तर आला हा."

तेवढ्यात अध्यक्ष बाहेर आले आणि किती झाले म्हणून विचारू लागले.

"काही नको. पाळी आमची आहे, कप नेतो." त्यानं किल्ली अध्यक्षांच्या हातावर ठेवली. "ही सांभाळा. आत आता काही नाही."

अवजारांच्या पिशवीत बसून मी त्याच्या घरी गेलो. एकच खोली. कुलूप कोपऱ्यात तोंड पाडून बसली होती. बापानं मला तिच्यासमोर जमिनीवर ठेवलं. चुकलो वगैरे तो म्हणाला नाही. बाप मंडळींना तो शब्द जड जातो. बराच वेळ हात पुसत राहिला. मग विचारलं, "बॉल कुठल्या बाजूनं आला होता?"

"उजव्या. खालून," ती म्हणाली.

तो दारात जाऊन उभा राहिला. "दाखव."

सोमवारी ती मैदानावर होती. पुढच्या सामन्याला तोही टपरी बंद करून आला, आणि आयुष्यात एकदाही बॉल न अडवलेला हा गृहस्थ तिला बॉल कसा अडवावा ते ओरडून सांगू लागला. माणसाकडून याहून जास्त अपेक्षा मी सोडली आहे.

आता मी घरोघर हिंडतो. सोनेरी रंग उडाला, कानाला पोचा आला. कुणी माझ्यात चमचे ठेवतं, कुणी कांदे. माझी तक्रार नाही. एकच सांगणं आहे. मला काचेमागं ठेवू नका. आणि ठेवायची हौस आवरलीच नाही, तर दार ओढण्याआधी माझ्यात एकदा डोकावून बघा.