विचारणा

अंगरख्याचा वरचा बंद आज पुन्हा सुटला — बोटांत पूर्वीचा जोर नाही, गाठ बसते पण राहत नाही — आणि हंबीरराव तो तसाच चिमटीत धरून उभे राहिले, कारण रावपुऱ्याच्या रस्त्यावरून येणाऱ्या घोड्यांच्या टापा दाराशी थांबल्यासारख्या वाटल्या...

थांबल्या नव्हत्या. पुढे गेल्या.

दोन वर्षं झाली. कुणी रागावलं नव्हतं. सल्लागारांच्या भर बैठकीत, सगळ्यांदेखत ते महाराजांना ‘हे होणे नाही’ म्हणाले होते — एकांतात म्हणायला हवं होतं — आणि दुसऱ्या दिवशी राजवाड्याची गाडी आली नाही, एवढंच. मग कधीच आली नाही. तरी रोज सकाळी पगडी बांधून ते तयार.

“साताऱ्याला जाऊ या,” येसूबाई दारातून म्हणाल्या. “थोरला किती बोलावतोय.”

“बघू.”

हिला कसं सांगायचं? मान नको होता, पोशाख नको होता. हवा होता तो एक क्षण — बैठकीत प्रश्न पडायचा, सगळे खिडकीबाहेर बघू लागायचे, आणि त्या शांततेत कुणीतरी म्हणायचं, हंबीरराव, तुम्हांला काय वाटतं? मला काय वाटतं... मला अजून वाटतं. रोज वाटतं. पण ते न्यायचं कुठे?

या वेळी टापा खरंच थांबल्या. प्रतापसिंहराव आत आले. हंबीररावांच्याच हाताखाली कारभार शिकलेले, आता सल्लागार मंडळात होते.

“राजवाड्यावरून आलात?” शब्द तोंडातून निघून गेले.

“नाही काका. माझा मीच आलो.”

आत काहीतरी खाली बसलं. प्रतापसिंहराव मात्र उभेच होते. “दुपारी बैठक आहे. पाऊस झाला, आता दुष्काळी कामं बंद करावीत असं सगळ्यांचं म्हणणं आहे. मला पटत नाही. पण का पटत नाही, ते सांगता येत नाही.”

“पाऊस पडला म्हणजे पीक आलं नाही,” हंबीरराव म्हणाले, आणि स्वतःचा आवाज त्यांना फार दिवसांनी भेटला. “आज मजुरी तोडली तर लोक बियाणं शिजवून खातील. पेरणार काय? कापणीपर्यंत कामं चालू ठेवा म्हणावं. आणि हे एकदम बैठकीत नका बोलू. आधी महाराजांना एकांतात सांगा, मग तिथे उठा.”

“तुमचं नाव सांगू?”

सांग. एकदाच सांग... हंबीररावांनी सुटलेला बंद पुन्हा चिमटीत धरला.

“नको. नाव ऐकलं की लोक मलाच बघतील, प्रश्न राहील बाजूला.”

प्रतापसिंहराव वाकून पाया पडले नि गेले.

“काय म्हणत होते?” येसूबाईंनी विचारलं.

“विचारायला आले होते.”

“मग... साताऱ्याला काय कळवू?”

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ऊन चढलं होतं, ते मनानं बैठकीच्या दालनात शिरले होते — तेच गालिचे, तोच अत्तराचा वास — आणि एरवी पहिली नजर जायची ती आपल्या जागेकडे. आज ती जागा कुणाची आहे हे बघायचंच राहून गेलं. दालनाच्या टोकाला प्रतापसिंह बोलायला उठत होता. घसा खाकरत होता. हंबीररावांनी श्वास रोखला... आवाज कापू देऊ नकोस रे. सावकाश. आता बोल.