डावीकडचा चुकाओ

ओनोफ्रे म्हातारा हट्टी, आणि त्याची लेक नोल्फा त्याच्यावर कडी करणारी. बायको गेल्यापासून तो केउलातच्या रानाला लागून असलेल्या घरात एकटाच राहायचा. त्याला पुएर्तो मोंत शहरात आपल्या घरी न्यायचंच, असं ठरवून नोल्फा आली होती. आल्यापासून दोघांची तीच हुज्जत. शेवटी म्हाताऱ्यानंच पैज सुचवली. हिमनदी बघायला वर जाऊ. वाटेत चुकाओ पक्षी उजवीकडून ओरडला तर मी इथंच मरणार, डावीकडून ओरडला तर मुकाट्यानं बॅग भरतो.

उजवीकडचा चुकाओ शुभ, डावीकडचा अशुभ. तो डावीकडून ओरडला तर तिकडची जुनी माणसं अर्ध्या वाटेवरून घरी परततात. नोल्फाचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण मूठभर पाखरापायी बाप येत असेल तर तिचं काय जात होतं? ती हो म्हणाली.

झुलता पूल ओलांडून दोघं रानात शिरली. पाऊस थांबला होता, म्हणजे फक्त आभाळातून. कोइग्वेच्या फांद्यांवरून तो दुपारपर्यंत गळतच राहतो. मुळांवरून पाय घसरत होते. म्हातारा मात्र पुढे, नाल्काची छत्रीएवढी पानं काठीनं बाजूला सारत, आणि शहरात राहून गुडघे मऊ झाले तुझे, असे टोमणे मारत. नोल्फाला बरं वाटलं. आई गेल्यापासून तिनं त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

चढ संपत आला आणि चुकाओ ओरडला. अगदी जवळून, खणखणीत, डावीकडच्या झुडपातून. नोल्फाचे पाय आपोआप थबकले.

ओनोफ्रेनं वळून तिच्याकडे पाहिलं, मग वाटेच्या उजव्या बाजूला बोट दाखवलं. "ऐकलंस? उजवीकडून. हरलीस."

तिला संताप आला. पिकल्या केसांचा बाप धडधडीत खोटं बोलतो म्हणजे काय! वर पोचल्यावर चांगलं सुनावायचं, असं ठरवून ती चढू लागली.

वर झाडी सरली. काळ्या कड्यांच्या बेचक्यात निळसर बर्फ लटकत होतं आणि त्याच्याखालून पाण्याच्या धारा तळ्यात कोसळत होत्या. दोघं ओल्या बाकावर टेकली. राग कुठे गेला ते नोल्फाला कळलं नाही.

"बाबा, पाखरू डावीकडं होतं," त्याच्या डाव्या बाजूला बसलेली ती म्हणाली. तो बर्फाकडेच बघत राहिला. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. तरी तो हलला नाही. बाहीला हात लावला तेव्हा कुठे त्यानं अख्खं डोकं वळवून उजवा कान पुढे केला.

नोल्फा त्या कानाशी वाकली. "कधीपासून?"

"गेल्या हिवाळ्यापासून. हल्ली मला सगळंच उजवीकडून ऐकू येतं. पैज काय उगाच लावली?" तो जरासा हसला. "पण तू थबकलीस. डावीकडून चुकाओ ओरडला की तुझी आई अशीच थबकायची. तेव्हाच कळलं, हरलो मी."

जिंकूनही नोल्फाला रडू आलं. त्यानं तिला रडू दिलं.

"तुझ्याकडं चुकाओ आहेत का गं?" बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं.

"नाहीत, बाबा. गाड्यांचा कलकलाट आहे नुसता, रात्रभर."

"मग मी उजव्या कुशीवर झोपत जाईन," म्हातारा म्हणाला आणि काठी टेकत उठला.