भिंतीपलीकडचं परस

फॉर्मच्या तिसऱ्या रकान्यावर तिचं पेन अडलं ते अडलंच. ‘रहिवासी’ की ‘परराज्यातील’? चहा निवत होता आणि आमच्या बाईसाहेब खिडकीबाहेर कुठेतरी लांब पोचल्या होत्या.

“परराज्यातील लिही,” मी म्हटलं. “सत्तावीस वर्षं माझ्या राज्यात नांदतेयस.”

माझी बायको एक्स-रे काढते. सरकारी दवाखान्यात दिवसभर लोकांना ‘श्वास घ्या, रोखून धरा, सोडा’ सांगत आलेली बाई. मुलगा नोकरीला लागला आणि एकोणपन्नासाव्या वर्षी हिनं डोक्यात घेतलं, की आता नोकरी सोडून वनस्पतिशास्त्र शिकायचं, आणि तेही माहेरच्या राज्यातल्या विद्यापीठात. मला साधा वरणभात लावता येत नाही, हा अडसर तिनं जमेसच धरला नाही. तिच्या माहेरच्या परसाला लागूनच त्या विद्यापीठाची भिंत. लहानपणी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून ती पलीकडची मुलं भिंगातून पानं बघताना बघायची. वडिलांनी मात्र लवकर नोकरी लागेल ते शिकवलं, मग मी आलो. त्या पानांबद्दल ती अजून झोपेत बोलते, खोटं नाही सांगत.

रहिवाशांना चाळीस जागा, बाहेरच्यांना दोन. रहिवासी ठरायला तिथल्या घरात राहणाऱ्याचं एक पत्र पुरे होतं, की ही आमच्याकडे राहते. पत्र तसं खोटंच झालं असतं, पण तिला ते खोटं वाटेना. मी तिथलीच आहे ना, एवढंच तिचं म्हणणं. म्हणून आम्ही तिच्या धाकट्या भावाकडे गेलो. पंचेचाळिशी उलटली तरी सगळे त्याला बाळच म्हणतात.

बाळनं आग्रह करकरून जेवू घातलं. विषय निघाल्यावर कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. वडिलांच्या माघारी घराची वाटणी झालेली नव्हती. तिनं तो विषय कधी काढलाही नव्हता.

“लिहून देतो गं ताई,” तो शेवटी म्हणाला. “पण उद्या हाच कागद कुणी पुढे केला तर?”

‘कुणी’ म्हणताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मात्र त्याच्या हातातलं पेन घेतलं, टोपण नीट बसवलं आणि त्याच्या खिशाला लावून दिलं. शाळेत पाठवताना लावत असेल तसंच.

“राहू दे बाळ,” ती म्हणाली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आम्ही दोघं बाहेर पंख्याकडे बघत बसलो.

परतीच्या बसमध्ये तिनं फॉर्म मांडीवर घेऊन ‘परराज्यातील’समोर खूण केली. बस हलली म्हणून ती वाकडी आली. मला वाटलं, आता म्हणेल, तुमच्यामुळे मी बाहेरची झाले. मी तयारच होतो ऐकायला. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. बाहेर उन्हात झाडं मागे मागे जात होती आणि तिचे ओठ हलत होते.

दोनांतली एक जागा तिला मिळाली. यादी बघताना मला कळलं, की दोन महिने मीही श्वास रोखून होतो. जागा मिळू नये असंही मधूनमधून वाटायचं, ते तिला सांगितलेलं नाही.

वसतिगृह फक्त बाहेरच्या विद्यार्थ्यांना मिळतं, म्हणून तिलाही मिळालं. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला खोली. मी सामान लावून दिलं आणि घरी येऊन करपलेला भात खाल्ला.

काल सकाळी तिचा फोन आला. आवाज अजून झोपेतला होता.

“इथून आमचं परस दिसतं हो. स्वयंपाकघराची खिडकी उघडीच आहे. बाळ चहा पितोय उभ्यानं.”

“मग हाक मार की.”

तिकडच्या झाडांवरचे पक्षी तेवढे ऐकू येत होते.

“नको,” ती म्हणाली. “काही मागायला आलेय असं वाटेल त्याला.”

मग वर्गाची वेळ झाली म्हणून तिनं फोन ठेवला.