चाळीस पावलं

माझी लेक सृष्टी जिओफिजिक्स शिकली. ह्यो शब्द सरळ म्हणायला मला दोन वर्सं लागली, तवर तिचा एमेस्सीचा निकालबी लागला. जमिनीत चार सळया ठोकायच्या, तारा जोडायच्या, करंट सोडायचा आन मशीनवरचं आकडं बघून खाली पाणी हाय का पाषाण, ते सांगायचं. तिचं खरं मन भूकंपात. पर त्याला आधी अनुभवाचा कागद लागतो म्हणं, म्हणून बारामतीत एका कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. हितं नाव झालं की हैदराबादला भूकंपाच्या मोठ्या संस्थेत जायचं, तिनं ठरवलंच व्हतं.

आमचं मालक जोतीराम पाणाडी. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालायचं. नारळ उभा ऱ्हायला की तितं पाणी. आमच्या वरकुट्यातल्या निम्म्या हिरी त्यांच्या शब्दावर खांदल्यात. पर गावाला पिण्याच्या पाण्याचं बोअर मंजूर झालं, तवा सरपंच दीपकराव म्हणालं, "तात्या, आवंदा मशीननंच बघू. तुमचीच लेक हाय की!" मालक हसलं. घरी येऊन जेवलं मातुर न्हाईत.

सृष्टीनं दोन दिवस गायरानात तारा वढल्या आन एका जागी तांबडी खुंटी ठोकली. "आई, हितंच पाणी हाय. माझं पैलं बोअर!" म्हणाली आन रिपोर्ट द्यायला एसटीनं बारामतीला गेली.

त्याच सांजेला मालक माझ्याजवळ बसलं. "मी बी गुपचूप बघून आलो. पाणी लिंबाखाली हाय. पोरीची जागा चाळीस पावलं चुकली. बोलू नगंस कुणाला."

आता काय करावं? इकडं आड, तिकडं हीर. ह्या माणसाचा शब्द खाली पडल्याला मी कधी बघितला न्हवता. पडला असंल तर मला कुणी सांगितलं न्हवतं. आन पोरीचं पैलंच बोअर कोरडं गेलं तर तिची नोकरी जाणार. मग म्या डोकं चालवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी समदं गाव जेवाय बसल्यावर शेण गोळा कराय गेल्यागत गेले, खुंटी उपटली, चाळीस पावलं मोजली आन लिंबाखाली ठोकली. पाणी त्यांचं, नाव तिचं. दोघंबी जिंकत्याल. घरी येताना लई खूस व्हते मी. जळ्ळी मेली ती हुशारी!

सकाळी बोअरची गाडी आली. पाचशे फूट गेली. नुसता फुफाटा. माणसं, झाडं, गुरं पांढरी झाली, पर पाण्याचा थेंब न्हाय. मंजुरी एकाच बोअरची व्हती.

सृष्टी धावतपळत आली. मोबाईलमधी जागा तपासली. "ही माझी जागाच न्हाय! कुणीतरी खुंटी हलवलीया."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" गर्दीतनं कोणतरी वरडलं. दीपकराव म्हणालं, "खुंटीला काय पाय फुटलं व्हय गं, पोरी?" समदी हसली. तिनं मोबाईल पिशवीत घातला, खाली मान घालून.

घरी आल्यावर ती बापासमूर उभी ऱ्हायली. "आबा, तुमास्नी नारळ घिऊन लिंबाखाली फिरताना शेजारच्या भिमानं बघितलंय. खुंटी तुमी हलवली?"

मालकानं माझ्याकडं बघितलं. म्या परात घिऊन चुलीकडं तोंड फिरवलं. त्यास्नी उमगलं. एकाच दिवसात त्यांचा नारळ खोटा निघाला व्हता, आन बायकूबी.

"व्हय," म्हणालं. "म्याच हलवली."

म्या तवाच तोंड उघडाय पायजे व्हतं. न्हाय उघडलं. लेकीसमूर चोर ठरायचं भ्या वाटलं, दुसरं काय?

खुंटी राखणं तुझंच काम व्हतं, म्हणून कंपनीनं तिला काढलं. हैदराबाद ऱ्हायलंच. आता पुण्यात कुठल्याशा हापिसात लोकांचं फोन उचलती. वरीस झालं, घरी आली न्हाय, बापाशी बोलत न्हाय. मालकास्नी कुणी पाणी बघाय बोलवत न्हाय आन बोलवलं तरी जात न्हाईत. मी म्हणलं, "सांगू का तिला खरं?" तर म्हणालं, "आन मग तिला आई बी नगं?"

दर ऐतवारी तिचा फोन येतो, मलाच. मालक शेजारी बसल्यालं असत्यात. माझ्या फोनचा आवाज मोठा, त्यास्नी समदं ऐकू जातं.

"आई," ती म्हणती, "त्या घरात माझ्याशी खरं वागणारी तू एकलीच."

मालक माझ्याकडं बघत न्हाईत.

"व्हय, बाय," मी म्हणते. "जेवलीस का?"