बिनकडीची गाडी

परतूरच्या दुर्गाबाईंनी आजवर ज्या गोधड्या शिवल्या त्या पांघरायला. वर चिमण्या, तुळस, फार तर एखादा मोर. त्यापलीकडे त्यांची सुई कधी गेली नव्हती. पण त्यांच्या सुनेनं, तृप्तीनं, बचत गटाच्या प्रदर्शनात एक मोराची गोधडी पुण्याला नेली आणि ती सोमेश्वर नावाच्या तरुणाच्या नजरेत भरली. हा सोमेश्वर एका मोटार कंपनीत गाड्यांची चित्रं काढायच्या नोकरीवर होता. त्याचे मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांना जुन्या गाड्यांचं भारी वेड. त्यांना भेट द्यायला त्याला अशी गोधडी हवी होती, जिच्यावर आठ जुन्या गाड्या असतील आणि मधोमध नववी, अजून रस्त्यावर न आलेली. ही नववी त्यानं स्वतः कागदावर काढलेली होती.

फोटो तृप्तीच्या मोबाइलवर आले. दुर्गाबाईंनी लगेच शेजारच्या अकबरबींना बोलावून घेतलं, कारण त्यांचा मुलगा साजिद गाड्यांची सीट कव्हरं शिवायचा, म्हणजे गाड्यांतलं त्यांच्याइतकं कळणारं गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. अकबरबींनी दुकानातून पोतंभर रेक्झीनचं कातरण आणून ओतलं आणि चाकं रेक्झीनचीच करा, कापडाची टिकायची नाहीत, असं बजावलं.

पांढरी ॲम्बेसेडर सासऱ्यांच्या धोतरातून निघाली. गुळाची ढेप पालथी घातल्यासारखी दिसणारी एक परदेशी गाडी पिवळ्या परकरातून. लांबलचक शेपटाच्या गाडीला मात्र इरकली लुगड्याचा अख्खा पदर लागला. दुर्गाबाई तीर्थपुरीहून लग्न होऊन आल्या त्या ॲम्बेसेडरमधूनच, आणि त्या दिवशी गाडीत ड्रायव्हर धरून अकरा माणसं होती. त्यांनी अकराही शिवली. धाकट्या दिराचं मुंडकं डिकीतून बाहेर काढलं, कारण तो खरंच तिथं बसला होता. मग बाकीच्या गाड्या रिकाम्या दिसायला लागल्या, म्हणून त्यांतही दोन-दोन, चार-चार माणसं बसवली.

नववी गाडी आली आणि सुई थांबली. ती उकडून सोललेल्या अंड्यासारखी गुळगुळीत होती. दाराची फट नाही, कडी नाही, आत स्टेअरिंगसुद्धा नाही. दुर्गाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पोरानं घाईत चित्र अर्धवट सोडलं असणार, असं त्यांनी ठरवलं आणि त्याची चूक कुणाला न सांगता भरून काढली. चंदेरी रेक्झीनवर लाल दोऱ्यानं दार काढलं, पिवळ्या दोऱ्याची ठसठशीत कडी लावली, स्टेअरिंग घातलं आणि त्यापुढं डोईवरून पदर ओढलेली एक बाई बसवली.

तृप्तीनं फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी सोमेश्वर स्वतः दारात हजर, ऐन उन्हात, तोंडाला रुमाल गुंडाळून. गाड्यांच्या कंपनीतला माणूस रेल्वेनं आला, हे अकबरबींना पटेना. त्यांनी ते दोनदा विचारून खात्री करून घेतली.

पाणी पिऊन झाल्यावर त्यानं विषय काढला. जुन्या गाड्यांतली माणसं चालतील, म्हणाला, पण नववीची कडी तेवढी काढावी लागेल.

"काकू, ही गाडी माणसाचा चेहरा ओळखते. मालक जवळ आला की दार आपोआप उघडतं. मग ती स्वतःच चालते."

दुर्गाबाईंनी विचार केला. "अन् बाई पदर ओढून आली तर?"

तरी ओळखेल, तो म्हणाला, पण जरा हळू. तेव्हा अकबरबींनी त्याच्या मोबाइलकडे बोट दाखवलं. तोही चेहरा पाहूनच उघडत होता ना? मंग बांधा रुमाल, त्या म्हणाल्या.

सोमेश्वरनं रुमाल बांधला, स्टेशनवरून आला होता तसाच. मोबाइल उघडला नाही. त्यानं नाक बाहेर काढलं, तरी नाही. तिसऱ्या खेपेला मोबाइलनं सरळ नंबर मागितला. सेटिंग बदलावी लागते, असं काहीतरी तो पुटपुटला. तृप्ती पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

दुर्गाबाईंनी मात्र जिंकल्याचा आव आणला नाही. त्यांनी कात्री हातात घेतली. वस्तू त्याची, तो म्हणेल तसं करणं भाग होतं.

"उसवते. पण आधी त्या बाईला उतरवावं लागंल. कडी काढून तिला आत कोंडता न्हाई यायचं."

सोमेश्वरनं वाकून त्या बाईकडे पाहिलं. कोण आहे ही, त्यानं विचारलं.

दुर्गाबाई थोड्या लाजल्या. "मीच हाये. लग्नाच्या गाडीतून आल्ते, तवा मधी दबून बसल्ते. रस्ता काही दिसला न्हाई. म्हणलं, ह्या गाडीत पुढं बसावं."

त्यानं त्यांच्या हातातली कात्री हळूच काढून पेटीवर ठेवली आणि मागच्या सीटवर आपल्याला जागा होईल का, असं विचारलं. जागा होती. संध्याकाळची रेल्वे सुटायच्या आत दुर्गाबाईंनी त्याला मागं बसवलं, तोही तोंडाला रुमाल बांधलेला. त्यामुळे नाक-डोळे शिवायचा वेळ वाचला.

महिन्याभरानं फोटो आला. गोधडी साहेबांच्या दिवाणखान्यात, भिंतीवर, काचेच्या चौकटीत लागली होती. शेजारी पांढऱ्या केसांचे साहेब उभे, बोट ॲम्बेसेडरवर. त्यांनी माणसं मोजली आणि डिकीतल्या मुंडक्यापाशी येऊन डोळ्यांत पाणी येईतो हसले, असं सोमेश्वरनं कळवलं होतं. कडीवरून मात्र कंपनीत बैठक बसणार होती. तृप्तीनं हे सगळं मोठ्या अभिमानानं वाचून दाखवलं.

दुर्गाबाई फोटोकडे पाहतच राहिल्या. ती काच कशाला, एवढंच त्यांनी विचारलं. ही कला आहे, ती बघायची असते, तृप्तीनं समजावलं.

"मंग साहेबांनी पांघरायचं काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुर्गाबाईंनी पेटीतून दोन मऊ जुनी लुगडी काढली आणि साहेबांसाठी दुसरी गोधडी शिवायला अंथरली, अगदी साधी. एका कोपऱ्यात तरी छोटी गाडी पाहिजे, असा अकबरबींनी आग्रह धरला. त्यांनी चाकंसुद्धा कापून आणली होती. दुर्गाबाईंनी ती परत दिली. रेक्झीन अंगाला टोचतं, म्हणाल्या.